ॲव्हरेज काय देते?

शिरूर तालुक्यात अमेरिकन गाडी सुट्या भागांत मागवून इथं जोडणारे, माझ्या माहितीत, दोघंच आहेत. एक म्हणजे रांजणगाव एमआयडीसीतला फियाटचा कारखाना. तिथं २०१७ पासून जीप कंपास बनते आणि उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसह जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत गेली आहे. २०२१ पासून जीप रँग्लर तर सुटी सुटी येते आणि महागणपतीच्या हद्दीत अखंड होते. दुसरा माझा मित्र. तो शिरूरला पाबळ फाट्याजवळ राहतो आणि १९३२ सालची फोर्ड जोडतो. कारखान्यात गाडी पट्ट्यावरून पुढं सरकत राहते. मित्राची गाडी मागच्या दिवाळीपासून परवापर्यंत जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून होती, त्यामुळं त्या घरात दिवाळीपासून सगळे खाली मांडी घालून जेवतात. गाडीची लांबी वीतभरही नाही. पण तिचा पसारा, म्हणजे सुऱ्या, चिमटे, कानशी, पॉलिश पेपर, रंगाच्या बाटल्या आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत प्रकारवार लावलेली चाकं, टेबलावर मावेना म्हणून फ्रिजवर चढला आहे.

हा छंद असा. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी येतात, चौकटींना गाडीचे शे-सव्वाशे भाग चिकटलेले असतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. सरळमार्गी माणूस एका खोक्यातून एक गाडी करतो आणि शोकेसमध्ये ठेवून मोकळा होतो. आमचा मित्र सरळमार्गी नाही. त्याला एका खोक्यातली बॉडी लागते, दुसऱ्यातलं इंजिन, तिसऱ्यातली चाकं आणि चौथ्यातला फक्त आरसा. त्या आरशासाठी त्यानं अख्खं चौथं खोकं मागवलं, हे वहिनींना अजून माहीत नाही. हा अंक त्यांच्या घरी जातो. मित्रानं तो आधी उचलावा.

हे खोकं मागवणंही सोपं राहिलेलं नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. आता मित्राचं म्हणणं, ही प्रतिकृती आहे, खेळणं नाही. पण जकातीच्या वर्गवारीत बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती एकाच शीर्षकाखाली येतात. म्हणजे सरकारदरबारी हे खेळणंच आहे. वहिनींचं मतही पहिल्यापासून तेच आहे. केंद्र सरकार आणि वहिनी यांचं एकमत झालेला हा माझ्या पाहण्यातला एकमेव विषय.

एकीची बॉडी, दुसरीचं इंजिन अशा या मिसळीच्या गाडीला हॉट रॉड म्हणतात. त्याची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण मित्रानं ती मला सविस्तर सांगितली आणि ती वेळ मी कुणावर आणू इच्छित नाही. १९३२ मध्ये हेन्री फोर्डनं सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन बसवलं. ताकद ६५ अश्वशक्ती. तोवर आठ सिलिंडर ही श्रीमंतांची चैन होती. पुढं या गाड्या जुन्या झाल्या, म्हणून स्वस्त झाल्या, म्हणून कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागल्या. पोरांनी मडगार्ड काढले, बंपर काढले, कुणी छप्पर कापून चार बोटं बुटकं केलं, कुणी दुसऱ्याच गाडीचं इंजिन आणून कोंबलं आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यात नेऊन गाड्या सुसाट सोडल्या. १९३७ मध्ये त्यांची संघटना झाली. महायुद्धावरून परतलेल्या जवानांच्या हातात कसबही होतं आणि पगारही होता, त्यांनी हे वेड घरोघरी नेलं. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं. मासिक निघालं म्हणजे फोटो आले, मोजमापं आली, अमक्यानं तमका धुरा कसा बसवला याचे लेख आले. ही मासिकाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

इथवर सगळं आपल्याला समजण्यासारखं आहे. जुनी गाडी, दुसरीचं इंजिन, तिसरीची चाकं; यात शिरूर-दौंडच्या माणसाला नवल वाटण्यासारखं काही नाही. नवल पुढं आहे. या मंडळींत एक पंथ निघाला, परंपरावाद्यांचा. त्यांचं म्हणणं, मिसळ करा, पण मिसळीत पडणारा प्रत्येक जिन्नस साधारण साठच्या दशकाच्या मध्याआधीचा हवा. त्यानंतरचा एक नट जरी लागला तरी गाडी बाटली. म्हणजे मुळात जी पोरं 'मिळेल ते लावा' म्हणत होती, त्यांच्या नावानं आता 'काय लावायचं नाही' याचं सोवळं पाळलं जातं. रेडियल टायर चालत नाही. कोरीव ॲल्युमिनियमची चाकं चालत नाहीत, साधी पत्र्याची हवीत. टायरला पांढरी पट्टी हवी, पण रुंद; अरुंद पट्टी बासष्टच्या सुमाराची, ती रुंद पट्टीच्या पंगतीला बसत नाही. शेवरोलेचं १९५५ चं व्ही-एट इंजिन फोर्डमध्ये चालतं. म्हणजे आंतरजातीय विवाह मान्य, फक्त तिथी पाळली पाहिजे.

आमच्या मित्रानं हे सोवळं पंचवीसपट लहान आकारात पाळायचं ठरवलं आहे. त्याच्या एका इंजिनाच्या कडेला प्लास्टिकचा पाच-सहा मिलिमीटरचा गोळा होता. मला वाटलं, चौकटीतून कापताना राहिलेला तुकडा असावा. मित्र म्हणाला, "हा ऑल्टरनेटर आहे." चेहरा असा की घरात साप निघालाय. डायनॅमो हवा होता. ऑल्टरनेटर क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंटला दिला, फोर्डकडं त्याहून पुढं आला, आणि मित्राची गाडी त्यानं १९५६ सालची ठरवली आहे. म्हणजे १९३२ ची गाडी, १९५६ साली कुणीतरी बदललेली, असं तिचं जन्मटिपण. तो मोहरीएवढ्या पुलीचा गोळा घासून काढून तिथं लांबट डायनॅमो बसवण्यासाठी त्यानं रविवार घालवला. त्याच रविवारी त्याच्या खऱ्या मोटरसायकलची बॅटरी उतरली होती. ती त्यानं ढकलून चालू केली.

मिसळीतली दुसरी अडचण मापाची. एक कंपनी गाडी पंचवीसपट लहान करते. ती म्हणजे एएमटी. ही मंडळी मुळात अमेरिकन मोटार विक्रेत्यांना दुकानात ठेवायला छोट्या गाड्या पुरवायची, १९५८ पासून एका खोक्यात तीन प्रकारे जोडता येतील असे संच विकू लागली. दुसरी कंपनी, मोनोग्राम, चोवीसपट लहान करायची. कागदावर हा फरक काहीच नाही. पण १९३२ च्या फोर्डच्या पुढच्या आणि मागच्या धुऱ्यातलं अंतर १०६ इंच. ते पंचविसानं भागलं तर १०८ मिलिमीटर येतं आणि चोविसानं भागलं तर ११२. चार मिलिमीटरचा फरक. मोनोग्रामची चेसी एएमटीच्या बॉडीखाली घातली की मागची चाकं मडगार्ड नसलेल्या गाडीच्याही मडगार्डच्या जागेबाहेर डोकावतात. मग कानस, मग लांबी, मग पुन्हा कानस. लांबी भरणं हे आमच्याकडं फक्त ठोकलेल्या गाडीला करतात. इथं गाडी बाहेर पडायच्या आधीच ठोकल्यासारखी होते.

साहित्याचा प्रश्न मात्र शिरूरच्या बाजारानं उत्तम सोडवला. या छंदाची पुस्तकं सांगतात, अमुक ब्रँडचा पातळ सिमेंट वापरा, तो प्लास्टिक किंचित वितळवून जोड एकजीव करतो. मित्र फेविक्विक वापरतो. त्यानं जोड बसतो, पण काचेजवळ वापरलं तर काचेवर पांढरं धुकं धरतं. त्याच्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर कायम महाबळेश्वरात आहे. फटी बुजवायला एम-सील. रंगासाठी तो हायवेवरच्या ऑटो पेंटच्या दुकानात गेला आणि म्हणाला, १९३२ च्या फोर्डचा काळा द्या, पण फार चमकणारा नको. दुकानदारानं विचारलं, "किती लिटर?" मित्र म्हणाला, "वीस मिली." दुकानदारानं ड्यूकोचा डबा उघडून बाटलीच्या बुचात ओतून दिला आणि पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, "गाडी घेऊन आला असता तर हात मारून दिला असता." मित्रानं खिशातून काढून दाखवली. दुकानदार बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ॲव्हरेज काय देते?"

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. आपल्या भागात गाडी बघितल्यावर माणसाच्या तोंडून आपोआप निघणारं हे पहिलं वाक्य आहे. रँग्लर बघितली तरी हेच, विमान बघितलं तरी हेच.

खरी परीक्षा झाली ती वहिनींचा भाऊ दौंडहून आला तेव्हा. हा मेहुणा दौंडला गॅरेज चालवतो. वडील रेल्वेत फिटर होते, त्यामुळं लोखंडाशी घरचा संबंध. शिरूर-न्हावरे-केडगाव चौफुला-पाटस या रस्त्यावर ऊसगाड्यांच्या हंगामात जे काही मोडतं, ते बहुधा त्याच्याकडं येतं. एमएच १२, एमएच ४२, नदीपलीकडची एमएच १६, सगळ्या पासिंगच्या गाड्यांची पोटं त्यानं उघडलेली. तो चहा घेऊन टेबलाशी आला, चष्मा कपाळावर चढवला, गाडी न उचलता वाकून आडवा होऊन खालून बघितली आणि म्हणाला,

"दाजी, ह्याचा पाटा आडवा टाकलाय."

मित्र ताठ झाला. मी बघितलं. चेसीच्या खाली, पुढच्या धुऱ्यावर, नखाएवढा कमानदार तुकडा होता. त्यावर चार-पाच बारीक रेघा. त्या रेघा म्हणजे पाट्याची पानं. मी तो तुकडा महिनाभर बघत होतो, मला तो कधी दिसला नव्हता. आपल्याकडं जीप असो की ट्रक, पाटे गाडीच्या लांबीनं, दोन्ही अंगांना असतात. हा चाकापासून चाकापर्यंत आडवा होता.

"फोर्डचा आडवाच असायचा," मित्र म्हणाला. हे खरं आहे. हेन्री फोर्डनं मॉडेल टीपासून एक आडवा पाटा पुढं आणि एक मागं असा हट्ट धरला आणि त्याच्या गाड्यांनी तो १९४८ पर्यंत सोडला नाही. "स्वस्त पडायचा. एकाच पाट्यात काम."

"मग वळणावर झोपत आसंल," मेहुणा म्हणाला.

नव्वद वर्षांपूर्वीच्या गाडीचा दोष, प्लास्टिकच्या नखाएवढ्या तुकड्यावरून, चहाचा कप हातात धरून. मित्राच्या परदेशी मासिकांत या आडव्या पाट्यावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत, सार एवढंच.

मग मेहुण्यानं एकेक विचारायला सुरुवात केली. बॉडी कुणाची? फोर्डची. इंजिन? शेवरोलेचं. गिअरबॉक्स? तो फोर्डचाच, पण १९३९ चा. मागचा धुरा? तो दुसऱ्या खोक्यातला. हे ऐकताना मेहुण्याच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटत गेली, ती मी विसरणार नाही. "म्हंजी आमच्या जीपसारखीच की," तो म्हणाला. आणि मग तासभर तो बोलत होता आणि मित्र ऐकत होता, असा प्रसंग त्या घरात त्याआधी घडलेला नव्हता.

तरुण वाचकांसाठी सांगतो. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रानं मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतली. तीही सुट्या भागांतूनच. ती गावोगाव गेली, पाटलाच्या वाड्यापुढं उभी राहिली, तालुक्याच्या साहेबाला घेऊन फिरली. तिचं इंजिन पेट्रोलचं आणि खाणं दांडगं. पुढं पेट्रोल महागलं तशी ती वाड्यापुढून गोठ्यामागं गेली. महिंद्रानं नंतर प्यूजोच्या परवान्यानं फ्रेंच डिझेल इंजिनं जीपमध्ये घातली, पण जुन्या जीपवाल्यांचं काय? त्यांच्या मदतीला आकुर्डी आली. तिथली बजाज टेम्पो मर्सिडीज-बेंझच्या परवान्यावर डिझेल इंजिन बनवायची, ते मॅटाडोर व्हॅनला असायचं. टेम्पोवर 'मर्सिडीज इंजिन' असं लिहिलेलंही असायचं. अपघातातली किंवा बॉडी कुजलेली मॅटाडोर भंगारात आली की तिचं इंजिन निघायचं आणि विलीजच्या पोटात जायचं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पुणे-नगर-सोलापूर पट्ट्यात गॅरेजांच्या मागं हेच चालायचं. अंग अमेरिकन, काळीज जर्मन आणि दोघांच्या मधला जोड दौंडचा.

तो जोड हीच खरी कला, असं मेहुण्याचं म्हणणं. मॅटाडोरचं इंजिन आणि जीपचा गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नाहीत, बोल्टांची भोकं वेगवेगळ्या जागी येतात. मग मधे एक जाड लोखंडी प्लेट लागते. ती लेथवर करून घ्यायची, एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची, आणि मधलं मोठं भोक बरोबर मध्याला. "मध्य हुकला की क्लच खातो," एवढंच तो म्हणाला, पण ते म्हणताना त्यानं अंगठा आणि तर्जनी जुळवून एक बारीक फट दाखवली, आणि मित्र त्या फटीकडं फार वेळ बघत राहिला. मग फाउंडेशन नवीन वेल्ड करायचं, इंजिन साखळी-कप्पीनं सोडायचं, रेडिएटर पुढं ढकलायचा, प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा. बोनेट बसत नसेल तर बोनेट बसवायचंच नाही. तेवढंच कॅलिफोर्नियातल्या पोरांशी साम्य.

बाकी दिशा उलटी. त्यांनी इंजिन बदललं वेगासाठी, आपण बदललं ॲव्हरेजसाठी. त्यांनी छप्पर कापून खाली आणलं, आपण हूड उंच केला, म्हणजे मागं माणसं उभी राहतात. त्यांनी वजन कमी करायला मडगार्ड काढले, आपण मडगार्डवर दोघांना बसवलं. ते गाडीतून एक सीट काढायचे, आपण एक बाकडं वाढवायचो. त्यांच्या गाडीच्या अंगावर रंगारी ज्वाळा काढायचे. मित्रानं त्या काढायला घेतल्या तेव्हा मेहुणा गंभीर झाला. "दाजी, पेटलेली गाडी कशाला रंगवताय? डिझेलच्या टाकीपशी तरी नका काढू."

इंजिन एका जागचं दुसरीकडं नेण्यात दौंडचा हात कुणी धरू नये. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून पुण्याहून नगरकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडात पुढून काढून मागं लावायचं, असा रिवाज पडला. गाडी उलट्या तोंडानं निघायची आणि नवखा प्रवासी घाबरून विचारायचा, पुण्याला परत चाललो का? त्या वेळात दौंडचा प्लॅटफॉर्म चहा-वडापावावर जगला. आता कॉर्ड लाइन झाली, काही गाड्या स्टेशनात न शिरताच वळतात. तरी पिढ्यान्‌पिढ्या इंजिन काढ-घाल बघत वाढलेल्या गावाला जीपमध्ये मॅटाडोर बसवणं अवघड का वाटावं?

शिरूरलाही कमी लेखू नका. मित्र ज्या फाट्याजवळ राहतो त्या फाट्याचा रस्ता पाबळला जातो, आणि पाबळला विज्ञान आश्रम आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये काढला. शाळेत नापास झालेल्या पोरांना हातानं काम करत शिकवायचं म्हणून. तिथं जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर तयार केला होता. नाव मेकबुल. जीपचे अवयव आणि बैलाचं काम. याला हॉट रॉड म्हणायचं नाही तर काय? पुढं २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं आपली फॅब लॅब देशाबाहेर पहिल्यांदा काढली, ती याच पाबळमध्ये. मित्राच्या घरापासून त्या रस्त्यावर एवढं सगळं उभं आहे आणि हा माणूस आरसा मिशिगनहून मागवतो.

मेहुण्याचं बोलणं ऐकून मित्राच्या डोक्यात नवीन किडा शिरला. त्याला आता तीच जीप करायची आहे, पंचवीसपट लहान. विलीज जीपचं किट मिळतं, युद्धातलं, हिरव्या रंगाचं. मॅटाडोरचं इंजिन मात्र त्याला कुठल्याच खोक्यात सापडलेलं नाही. ते हातानं घडवायचं तर मापं हवीत. त्यानं वही काढली आणि मेहुण्याला म्हणाला, "प्लेटची जाडी किती होती?"

"आसंल की बोटभर."

"नक्की?"

"ज्या जीपला जेवढी लागंल तेवढी."

"रेडिएटर किती पुढं घ्यायचा?"

"फॅन घासायचा थांबला की बास."

"एखादा फोटो आहे का? तू केलेल्या जीपचा?"

मेहुण्यानं कप खाली ठेवला. "फोटो कशाला काढायचा? आरटीओला द्यायला?"

मुद्दा बिनतोड होता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकानं नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल मालकानं करायचा नाही, इंधनाचा प्रकार बदलायचा तर अटी आहेत. कायद्याची बाजू मी समजू शकतो. ब्रेक जीपचे, जोर मॅटाडोरचा आणि मागं उभी असलेली निम्मी वरात, यात सुरक्षिततेचा विचार कुणीतरी करायलाच हवा होता, आणि तो त्या जीपमधलं कुणी करत नव्हतं. पण परिणाम असा झाला की कॅलिफोर्नियातल्या पोरांनी केलेला प्रत्येक उद्योग मासिकात छापून आला आणि दौंडच्या पोरांनी केलेला प्रत्येक उद्योग ताडपत्रीखाली झाकला गेला. म्हणून आज शिरूरमध्ये बसून १९५६ सालच्या लॉस एंजलिसमधल्या गाडीचा डायनॅमो कुठल्या बाजूला होता हे सांगता येतं, आणि १९९२ साली दौंडात केलेल्या जीपची प्लेट किती जाडीची होती हे ती करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

एक अपवाद आठवतो. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी, खर्च साठ हजारांच्या आसपास. तिचा व्हिडिओ फिरला, डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तो पाहिला, नियमांत ती गाडी बसणार नाही हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या दारात आली आणि छोटी जीप महिंद्राकडं गेली. ती गाडी टिकली ती व्हिडिओमुळं. तिच्याआधी, गावोगावच्या गॅरेजांमागं, तशा किती झाल्या आणि किलोच्या भावानं गेल्या, याचा हिशेब फक्त भंगारवाल्याच्या काट्याला माहीत.

माझं मत स्पष्ट सांगतो. परंपरावादी हॉट रॉडची प्रतिकृती ही सुंदर वस्तू आहे, मित्राचा हात चांगला आहे, आणि डायनॅमो खरोखर ऑल्टरनेटरपेक्षा देखणा दिसतो. पण परंपरा म्हणून जी जपायची ती त्याच्या मेहुण्याची. फोर्डची काळजी घ्यायला अर्धी अमेरिका बसली आहे. मॅटाडोर घातलेल्या विलीजला कुणी नाही. तिला शोरूम नव्हतं, ब्रोशर नव्हतं, खोक्यातलं किट तर नाहीच नाही. मित्रानं फोर्ड सध्या फ्रिजवर हलवली आहे आणि टेबलावर हिरव्या जीपच्या चौकटी पसरल्या आहेत. जेवण अजून खालीच.

तेव्हा शिरूर, दौंड, बारामती, श्रीगोंदा या पट्ट्यातल्या वाचकांना विनंती. कुणाच्या गोठ्यामागं, विहिरीच्या कडेला, बाभळीखाली अशी जीप अजून उभी असेल, तर ती विकण्याआधी टेप घेऊन जा. इंजिन कसलं, गिअरबॉक्स कसला, मधल्या प्लेटची जाडी किती, रेडिएटर मूळ जागेपासून किती पुढं, हे कागदावर लिहा आणि ती कुणी जोडली त्या फिटरचं नावही खाली लिहा. जीप राहिली नसेल तर लग्नाचे जुने अल्बम काढा. त्या काळी नवरदेवाचा एक तरी फोटो जीपपुढं असायचाच. अडचण एवढीच की नवरदेव नेमका बोनेटसमोर उभा राहून सगळं इंजिन झाकतो. म्हणून आता नवीन फोटो काढाल तेव्हा बोनेट उघडा आणि माणसांना बाजूला उभं करा.